लाकडाचे दोन गोळे

सहा हात वर गेले. सातवा गेला नाही.

सातवा हात ओटमार वेंडेलचा होता आणि तो कॉफीच्या कपाशेजारी होता तिथेच राहिला. गटप्रमुख बुर्कहार्टनं चष्मा काढून डोळे चोळले, चष्मा परत चढवला आणि पुन्हा एकदा टेबलाभोवती नजर फिरवली, जणू तेवढ्यात एखादा हात उगवणार होता.

"ओटमार, ही तिसरी बैठक आहे."

"मला मोजता येतं."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"दंवाशी," ओटमार म्हणाला. "ऑक्टोबरात सांगितलं तेच. पहिल्या आठवड्यात मोजलेलं दंव आपण शेवटपर्यंत तेवढंच धरलंय."

फाल्को हा गटातला सगळ्यात बोलका माणूस. तो खिडकीकडे बघत म्हणाला की दंव बाहेर गाड्यांवरही पडलंय, तेही धरायचं का. दोघं-तिघं हसले. स्वांत्ये हसली नाही. ती पुढ्यातल्या कागदावर एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होती आणि कागद फाटायला आला होता.

बुर्कहार्टनं बैठक दोन आठवडे पुढे ढकलली. खुर्च्या सरकल्या. दारातून बाहेर पडताना कुणीतरी हळू आवाजात, पण ओटमारला ऐकू जाईल इतपत, म्हणालं की म्हातारा आपलं अंडं उबवत बसलाय.

अंडं म्हणजे ०.८८.

मिलिमीटरचे लाख कोटी भाग केले तर प्रोटॉनची त्रिज्या त्यातल्या एका भागाहून जरा कमी भरते. किती कमी, यावर भांडण होतं. ज्यांनी हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून मोजली त्यांना ती ०.८८ मिळाली होती. पुढे दुसऱ्या लोकांनी अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊ म्युऑन बसवून मोजली, तर ०.८४. फरक चार शतांशांचा. पण दोन्हीकडची मोजणी इतकी बारीक होती की दोघंही बरोबर असणं शक्य नव्हतं. ०.८८ वाल्यांच्या त्या जुन्या मोजणीत ओटमारची ऐन उमेदीची दहा वर्षं गेली होती. आता तो उन्हाळ्यात निवृत्त होणार होता आणि ऱ्हाइनकाठच्या या विद्यापीठात, जमिनीखालच्या त्याच दालनात, तीच मोजणी नव्यानं आणि अधिक काटेकोरपणे झाली होती. तिचा सगळा हिशेब स्वांत्ये हार्म्सनं केला होता. तो तिचा डॉक्टरेटचा प्रबंध होता. मार्चअखेर तिची शिष्यवृत्ती संपत होती. एप्रिलपासून स्वित्झर्लंडमधल्या एका इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती, प्रोटॉनांच्या झोतानं कर्करोगाच्या गाठी जाळण्याच्या विभागात. अट एकच, की प्रबंध त्याआधी दाखल झालेला हवा. आणि प्रबंधात शेवटचा आकडा नव्हता, कारण तो आकडा पडद्याआड होता.

पडद्याची पद्धत ओटमारनंच आग्रहानं आणली होती. या धंद्यातल्या माणसांना आपला रोग ठाऊक असतो. आकडा मनासारखा आला की माणूस चुका शोधायचं थांबवतो. मनाविरुद्ध आला की शोधतच राहतो आणि चुका काय, शोधल्या की सापडतातच. म्हणून खरा आकडा कुणाला दिसूच द्यायचा नाही. मारा करणाऱ्या इलेक्ट्रॉनांची खरी ऊर्जा फक्त यंत्र चालवणाऱ्यांना ठाऊक असायची. पलीकडच्या इमारतीतली इर्मट्राउट ती मनात ठरवलेल्या एका गुप्त प्रमाणात कमी किंवा जास्त करायची आणि मगच गटाला द्यायची. गट त्या खोट्या ऊर्जेवर सगळा हिशेब करायचा. सगळ्या शंका फिटल्या, सातही जणांनी हात वर केले, की मग पडदा उघडायचा. एकदा उघडला की हिशेबातलं काही बदलायचं नाही. जे येईल ते छापायचं.

नियम उत्तम होता. फक्त ओटमारला आकडा कळला होता.

डिसेंबरात एका शेवटच्या जुळणीसाठी यंत्र काही दिवस सुरू केलं होतं. नियंत्रणाच्या खोलीत गटातल्या कुणी पाऊल टाकायचं नाही असं ठरलेलं होतं. पण यंत्रावरची दोघं तापानं पडली आणि नेमका एका चुंबकाचा वीजपुरवठा रुसून बसला. त्या पुरवठ्याची खोड ओटमारइतकी कुणालाच माहीत नव्हती. उरलेल्यांनी सगळ्या स्क्रीनवर पुठ्ठे चिकटवले आणि त्याला बोलावलं. तो पुठ्ठ्यांकडे पाठ करून आत गेला, पुरवठ्याच्या पेटीमागे गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या नाकासमोर जुना काट्याचा मीटर आला. तो मीटर कधीच बाद झाला होता. बाद करणाऱ्यांनी त्याच्यावर तशी चिठ्ठीही लावली होती, फक्त तार काढली नव्हती. काटा निवांतपणे चुंबकातला प्रवाह दाखवत होता.

ओटमारनं मान फिरवली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या चुंबकाचा प्रवाह बघून झोताची ऊर्जा तोंडी काढायची त्याला सवय होती. इतक्या वर्षांनंतर तो हिशेब त्याला करावा लागत नसे, आपोआप व्हायचा. दोन दिवसांनी स्वांत्येनं भिंतीवर आलेख लावला. त्यावर गटाला दिलेली ऊर्जा होती आणि तिच्यावरून आलेली कच्ची त्रिज्या, ०.८६१. ओटमार आलेखासमोर उभा होता, हातात मफलर होता, आणि दोन आकडे त्याच्या डोक्यात एकमेकांना भिडले. गटाला दिलेली ऊर्जा खऱ्याहून अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होती. म्हणजे त्रिज्या तेवढीच कमी करायची.

०.८४.

प्रोटॉन लहान होता. त्या रात्री ओटमार जेवला नाही. गेर्लिंडेला, बायकोला, त्यानं पोट बरं नाही असं सांगितलं.

लहान निघाल्याचं दुःख त्याला वाटलं होतं तेवढं झालं नाही. चीड आली ती वेगळीच. दुसऱ्याच दिवशी बुर्कहार्टकडे जाऊन, मला कळलंय, मला बाजूला करा, असं सांगायला हवं होतं. पण नाताळची सुट्टी लागली. सुट्टीनंतर बोलावं म्हटलं, तर सुट्टीत त्याला पुढचा पेच दिसला. त्याची दंवाची शंका ऑक्टोबरपासून सगळ्यांना ठाऊक होती. हायड्रोजन ज्या पातळ पत्र्याच्या डबीत द्रवरूपात ठेवतात ती इतकी थंड असते की भोवतालच्या निर्वातात उरलीसुरली हवा तिच्यावर गोठून बसते. इलेक्ट्रॉन त्या दंवावरही आपटून उडतात आणि मोजणारा ते प्रोटॉनच्या खात्यावर टाकतो. मोजणी लहान कोनांपासून सुरू होऊन मोठ्या कोनांकडे गेली होती. दंव दिवसागणिक वाढत गेलं असेल, तर मोठ्या कोनांना फुकटचे इलेक्ट्रॉन जास्त मोजले गेले आणि प्रोटॉन आहे त्याहून लहान भासला. दंव दुरुस्त केलं की आकडा वर सरकणार. किती, ते माहीत नाही. पण सरकणार ०.८८ कडेच.

म्हणजे शंका लावून धरली तर तो आपलं अंडं उबवत होता. शंका सोडून दिली तर एक खरी चूक तो निव्वळ सज्जन दिसण्यासाठी गिळत होता. आणि मला कळलंय असं कबूल करून शंका लावून धरली, तर टेबलाभोवतीचं शेंबडं पोरसुद्धा ओळखणार की म्हाताऱ्याला आकडा आवडलेला नाही, म्हणजे तो लहान आहे. मग सगळ्यांचाच पडदा फाटला. हात वर करणं खोटं होतं, न करणंही खोटं होतं आणि तोंड उघडणं सगळ्यांत वाईट. म्हणून तो नुसता बसून राहिला, दर बैठकीत तेच एक वाक्य म्हणत.

शनिवारी कॅथीड्रलच्या चौकात बाजार असतो. ओटमार आणि गेर्लिंडे दर शनिवारी तिथे उभ्यानं न्याहारी करत. गोल पाव, गरम सॉसेज आणि सकाळचे अकरा वाजलेत याची लाज न बाळगता एक पेला वाइन. फास्टनाख्ट, म्हणजे तिकडचा कार्निव्हल, तोंडावर आला होता. पोरंटोरं रंगीत टोप्या घालून फिरत होती आणि कुणाच्याही गळ्यात कागदी माळा टाकत होती. फाल्कोनं तिथेच त्याला गाठलं.

टोपीचं काम अडलं होतं. डॉक्टरेट मिळाली की उमेदवाराच्या डोक्यावर सहकाऱ्यांनी स्वतः बनवलेली टोपी चढवायची, तिच्यावर त्याच्या सगळ्या फजित्या चिकटवायच्या आणि त्याला हातगाडीत बसवून आवारातून फिरवायचं, हा प्रघात. उमेदवारानं ती आधी बघायची नाही. स्वांत्येच्या टोपीवर तिच्या किनाऱ्याकडच्या गावचं दीपगृह आधीच उभं राहिलं होतं आणि तिनं रागाच्या भरात फोडलेला कॉफीचा कपही. मधोमध स्प्रिंगवर प्रोटॉन डुलायला हवा होता. फाल्को म्हणाला, "आकडा तर तुझ्या कृपेनं अजून झाकलेलाच आहे. तर तू असं कर, तुझ्या घरच्या तळघरातल्या त्या लेथवर दोन गोळे काढ. एक अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरचा, एक चौऱ्याऐंशीचा. पडदा उघडला की त्यातला एक बसवू. तेवढं तरी करशील?"

ओटमारनं कुरकुर केली की प्रोटॉन म्हणजे गोळा नव्हे. त्याला कातडी नाही, कड नाही. आत तीन क्वार्क असतात असं शाळेत सांगतात, पण आत नुसती खळबळ चाललेली असते, क्वार्क उपजतात, विझतात, आणि सगळं वजन त्या खळबळीचंच. त्याची त्रिज्या विचारणं म्हणजे या सॉसेजच्या वासाची हद्द विचारणं. इथे दाट आहे, फुलवाल्यापाशी पातळ, नदीवर नाही. संपला कुठे, ते कोण सांगणार? आपण फक्त तो सरासरी किती लांब पसरलाय ते सांगतो.

"बरं," फाल्को म्हणाला. "मग दोन वास काढ लाकडाचे. अठ्ठ्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी."

गेर्लिंडे हसली. तो गेल्यावर तिनं विचारलं, की गेले दोन महिने तू झोपेत कूस बदलत राहतोस ते कशापायी? ओटमार म्हणाला, "दंव." ती म्हणाली की दंवापायी कुणाची झोप उडाल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं उरलेला पाव त्याच्या हातात दिला आणि पुढे विचारलं नाही.

गोळे त्यानं नासपतीच्या लाकडाचे काढले. तळघरात लेथ फिरत असताना डोक्यातली चक्री थांबायची, तेवढाच आराम. पुढच्या आठवड्यात ते कापडी पिशवीत घालून त्यानं ऑफिसात आणले आणि फाल्को यायचा म्हणून फडताळावर ठेवून दिले. फाल्को विसरला. आली ती स्वांत्ये.

ती दार वाजवून आली, पण बसली नाही. ओटमार डॉक्टरेटच्या मुलांना, टोपी चढेपर्यंत, तुम्ही म्हणायचा. बाकीचा गट एकमेकांना अरेतुरे करत असताना हे विचित्र दिसायचं, पण त्यानं ते सोडलं नव्हतं. तीही त्याला हेर वेंडेल, म्हणजे वेंडेलसाहेब, म्हणायची. तिनं पाठ करून आणल्यासारखं बोलायला सुरुवात केली. दंवामुळे आकडा एका शतांशानंही हलणार नाही असं तिला वाटत होतं. इस्पितळानं परत विचारणा केली होती. बुर्कहार्ट म्हणतात की ओटमारला सांभाळून घ्यावं लागतं, आणि तिला विचारायचं होतं की किती सांभाळायचं. बोलता बोलता तिचा आवाज बारीक आणि टोकदार झाला. किनाऱ्याकडची माणसं चिडली की आवाज चढवत नाहीत.

"एक स्पष्ट विचारू?" ती म्हणाली. "तुमचा जुना आकडा पडेल म्हणून चाललंय का हे सगळं?"

ओटमारनं टेबलावरचे कागद सरळ केले. हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, दोन्हींतून आकडा फुटला असता.

त्याच्याकडून काही येत नाही म्हटल्यावर ती खोलीभर बघू लागली आणि तिची नजर फडताळावर गेली. टोपीची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, पण स्वतःच्या टोपीतला प्रोटॉन ओळखू न येण्याइतकी ती बावळट नव्हती. तिला हसू आलं, त्या दिवशीचं पहिलंच. तिनं एका हातात एक, दुसऱ्यात दुसरा असे दोन्ही गोळे उचलले आणि खिडकीकडे धरले. ओटमार खुर्चीतून उठला. का उठला ते त्यालाही पुरतं कळलं नव्हतं.

लहान गोळा गुळगुळीत होता. त्याला बारीक पॉलिश कागदानं घासलेलं होतं आणि तेलाचे तीन हात दिलेले होते, नासपतीचा लालसर रंग आतून वर आला होता. मोठ्या गोळ्यावर पटाशीच्या कडा तशाच होत्या. लेथवरून उतरवताना राहिलेलं टोक छाटायचंही राहिलं होतं.

स्वांत्येनं अंगठा मोठ्या गोळ्यावरून फिरवला. मग लहान गोळ्यावरून. मग पुन्हा मोठ्यावरून. हिशेबात दोन बाजू सारख्या नसल्या की ती जशी थांबायची तशी थांबली.

"याला कुसळं आहेत," ती म्हणाली.

"वेळ मिळाला नाही."

"याला मिळाला." तिनं लहान गोळा पुढे केला. ओटमारचा चेहरा ती बघत होती, आणि चेहऱ्याचं काय करावं ते ओटमारला सुचेना. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"तुम्हाला माहीत आहे," स्वांत्ये म्हणाली.

त्यानं खाली बसून घेतलं. काट्याचा मीटर, चिठ्ठी, न काढलेली तार, सगळं त्यानं सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्याला वाटलं होतं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही, कारण समोर ती उभी होती आणि आता तिलाही कळलं होतं. चार वर्षं तिनं तो आकडा बघायचा नाही म्हणून काय काय सोसलं होतं. आईला फोनवरसुद्धा ती अंदाज सांगायची नाही. आणि तो तिला एका लाकडाच्या गोळ्यावरून कळला होता.

ती रडेल असं त्याला वाटलं. तिनं गोळे जागच्या जागी ठेवले, मोठा डावीकडे, लहान उजवीकडे, आणि विचारलं, "दंवाचं तुम्ही पहिल्यांदा बोललात ते ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरात."

"आणि मीटर डिसेंबरात." ती खिडकीला टेकली. "ऑक्टोबरात मला तुमचा इतका राग आला होता की घरी जाताना मी सायकल चुकीच्या रस्त्यानं नेली. म्हणजे तेव्हा तुम्हाला काही माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे शंका खरी आहे."

"शंका खरी आहे. उत्तर काय, मला माहीत नाही."

"आणि आता तुम्ही ती मांडली तरी पंचाईत, मी मांडली तरी. मी मांडली तर लोक म्हणतील काल हीच उघडा म्हणत होती, आज हिला काय झालं." ती दाराकडे वळली आणि परत फिरली. "दोन महिने, हेर वेंडेल. डिसेंबरातच सांगितलं असतंत, तर तुम्हाला एकट्याला बाहेर काढून आम्ही दंव बघून मोकळे झालो असतो. आजपर्यंत झालंही असतं."

खरं होतं.

बैठकीच्या दिवशी दोघं एकत्रच आत गेले. स्वांत्येनं ओटमारला बोलू दिलं नाही. आधी तीच बोलली, अगदी थोडक्यात. आम्हा दोघांना आकडा कळला आहे. कसा कळला ते नंतर सांगू. कोणता, ते सांगणार नाही. म्हणून आम्ही मत देणार नाही आणि आता खोलीत थांबणारही नाही. दंवाची शंका आम्हाला काही कळायच्या आधीची आहे, ती तुम्ही पाचजणांनी तपासा किंवा सोडून द्या. फाल्को काहीतरी विनोद करायला तोंड उघडून तसाच राहिला. बुर्कहार्ट ओटमारच्या चेहऱ्याकडे बघायला लागला, मग एकदम भानावर येऊन खाली टेबलाकडे बघू लागला. तसेच बाकीचे. पाच माणसं टेबलाच्या लाकडाकडे निरखून बघत असताना ती दोघं बाहेर पडली.

व्हरांड्यात एका जुन्या चुंबकाचा अर्धा कापलेला लोखंडी सांगाडा होता, बसायला त्याचाच उपयोग व्हायचा. दोघं त्याच्या दोन टोकांना बसले. जगात दोनच माणसांना या मोजणीतला प्रोटॉन केवढा ते माहीत होतं आणि ती दोघं हातभर अंतरावर बसून त्याबद्दल अवाक्षर काढू शकत नव्हती. बंद दारातून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा फाल्कोचा आवाज चढला. मग बराच वेळ शांतता. कुणीतरी प्रोजेक्टर लावला असावा.

ओटमारला तिला सांगायचं होतं की इस्पितळाला तो स्वतः पत्र लिहील. त्याच्या पत्रानं काय होणार होतं, हेही त्याला कळत होतं. त्यानं खिशातून पेपरमिंटची डबी काढून पुढे धरली. तिनं एक घेतली आणि तोंडात न टाकता हातातच ठेवली.

"आत तेच करणार," ती म्हणाली. "सुरुवातीच्या दोन मोजण्या आणि शेवटच्या दोन काढतील. शेपटाकडे बघतील."

ओटमारनं मान हलवली. दंव म्हणजे मुख्यतः गोठलेला नायट्रोजन, आणि त्याचा अणुगर्भ प्रोटॉनहून खूप जड. त्यावर आपटलेला इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळी ऊर्जा घेऊन परततो, म्हणून आलेखाच्या शेपटाला दंवाचा वेगळा उंचवटा दिसतो. लहानसा. तिथे कुणी मुद्दाम बघायला गेलं तरच.

"मी पहिल्या आठवड्यातलं शेपूट बघितलं होतं," स्वांत्ये म्हणाली. "छान दिसत होतं. म्हणून पुढची बघितली नाहीत." पेपरमिंटची गोळी तिच्या मुठीत चिकट झाली असावी, तिनं बोटं उघडून बघितलं. "आकडा झाकलेला होता, तरी बघितली नाहीत. नुसतं छान दिसलं म्हणून."

दार उघडलं तेव्हा आधी फाल्को बाहेर आला आणि त्याच्या तोंडावर विनोदाचं नाव नव्हतं. मागून बुर्कहार्ट आला. त्यानं ओटमारकडे न बघता स्वांत्येशी बोलायला सुरुवात केली. शेवटच्या मोजण्यांत उंचवटा पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. सगळ्या मोजण्यांची शेपटं नव्यानं बघावी लागतील. ते काम आता फाल्को करेल, त्याला अजून काही माहीत नाही. इर्मट्राउटला सांगून ऊर्जेवर नवा पडदा घालू. मीटरची तार आजच कापतील. उन्हाळा लागेल, कदाचित उन्हाळाही संपेल. इस्पितळाशी तो स्वतः बोलणार होता, त्यांना समजावून सांगणार होता.

"त्यांना एप्रिलला माणूस हवंय," स्वांत्ये म्हणाली. "समजून ते घेतील. माणूस दुसरं घेतील."

बुर्कहार्ट काहीतरी पुटपुटला. फाल्को म्हणाला की तो रोज रात्री बसेल, शनिवारीही, फास्टनाख्ट गेला खड्ड्यात. तिनं त्याच्या दंडावर थोपटलं आणि तसं करू नकोस म्हणाली, घाईत शेपटं बघू नकोस.

ते दोघं आत गेल्यावर ओटमार उठून उभा राहिला. दंव निघालं, त्याची शंका बरोबर ठरली, आणि एवढ्या वर्षांत बरोबर ठरण्याचा त्याला इतका वीट कधी आला नव्हता. आकडा आता वर सरकणार होता. थोडा की पार त्याच्या जुन्या आकड्यापर्यंत, हे त्याला कळत नव्हतं. डिसेंबरानंतर पहिल्यांदाच त्याला ते खरोखर माहीत नव्हतं.

स्वांत्येनं गळ्याभोवती मफलर गुंडाळला. जिन्याच्या दारापर्यंत गेली आणि दार धरून थांबली.

"मोठा गोळा घासून ठेवा," ती म्हणाली. "तेलही तेवढंच. तीन हात."

दार तिच्यामागे आपटलं. त्या जिन्याचं दार नेहमीच आपटायचं.

संध्याकाळी त्यानं गोळा तळघरात नेला. टोक छाटलं, कुसळं काढली, जाड कागदानं, मग बारीक कागदानं घासत बसला. गेर्लिंडेनं दोनदा जेवायला हाक मारली. घासताना त्याला राग येत होता. मीटरवर चिठ्ठी लावून तार तशीच सोडणाऱ्यांचा, की तिथे गुडघे टेकून वाकणाऱ्याचा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. तेलाचा पहिला हात देऊन त्यानं गोळा फडक्यावर ठेवला. दुसरा हात आदल्याचं तेल वाळल्याशिवाय देता येत नाही, म्हणून तो दिवा बंद करून वर गेला.